खुशालरावांच्या घरचा प्यानोमास्तर

गोवर्धन मास्तर जितका प्यानो वाजवत, त्याच्या दुप्पट बोलत. त्यांचा बाप एलिचपूरच्या छावणीत साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. मडमेला फुलं पोचवता पोचवता मास्तर तिचा बाजा, म्हणजे प्यानो, शिकले आणि तेव्हापासून जे नाकाने कांदे सोलू लागले ते कायमचेच.

तिकडे अमेरिकेत गोरे एकमेकांच्या उरावर बसले आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. कापसावर गबर झालेल्या अमरावतीच्या खुशालरावांनी मायदेशी निघालेल्या एका साहेबाच्या लिलावात प्यानो उचलला. बैलगाडीतून तो घरी आला तेव्हा घरच्या बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. वाजवायचा कोणी? थोरल्या लेकाने, किसनरावाने. बापाने सांगितलं, झालं. शिकवायला मास्तर ठेवले.

मास्तरांना त्या घरातलं एकही माणूस आवडत नसे. गादीवर बसवलं तरी ही माणसं ढेकळंच शोधणार, असं ते मनात म्हणत आणि त्यांच्याच घरचं तूप वाटीभर ओतून घेत. आपला बापही जन्मभर मातीतच बसला होता, हे ते सोयीने विसरत.

किसनराव मात्र मुकाट माणूस. त्याची बोटं बरोबर पडत, पण ऐकणाऱ्याला जांभई येई.

"बोटं चालते, पर जीव नाही," मास्तर एक दिवस म्हणाले. "पोटात काय खुपून राहिलं ते आधी तोंडानं सांगा. मंग तेच बाजावर काढा."

आठ दिवस किसनराव नुसताच वाजवत राहिला. नवव्या दिवशी बोलला, "बाबा माह्यं दुसरं लगन करून राहिले. माणिकले सहा वर्सांत लेकरू नाही म्हणून. मले नाही करायचं, मास्तर."

"मंग सांगा ना त्यायले."

"बापासमोर तोंड उघडाची रीत नाही आमच्या घरी."

"तोंड कायले लागते? बाजा आहे. काही झालं तं मी हाव ना तुमच्या मागं!"

मास्तरांनी साहेबी चाली बाजूला सारल्या. माणिकबाई पहाटे जात्यावर जी ओवी गाई, तीच त्यांनी किसनरावाकडून घोटून घेतली. शिकवण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, एवढं खरं. महिन्याभरात ती ओवी अशी उतरली की एका सकाळी स्वयंपाकघरात निवडायला बसलेल्या माणिकबाईचे हात सुपातच थांबले.

पुढे अंजनगावचे महादेवराव लेकीची सुपारी फोडायला आले. बैठक भरली. खुशालरावांनी मिशीवर हात फिरवून हुकूम सोडला, "किसन, वाजव."

किसनरावाने ओवी वाजवली. शेवटपर्यंत वाजवली, आणि वाजवताना त्याचे डोळे वाहत होते.

महादेवरावांचा विडा हातातच राहिला. "जात्यावरचं गाणं? अन् सोयऱ्यायच्या बैठकीत?"

खुशालरावांना गाणं कोणाचं ते कळलं आणि ते का वाजलं तेही कळलं. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मास्तर, हे तुमी शिकवलं?"

किसनरावाने मास्तरांकडे पाहिलं. आता मास्तरांनी एक 'हो' म्हणायचं होतं. बाकीचं बापलेकांनी पाहून घेतलं असतं.

मास्तरांनी उपरणं सावरलं. "नाही, मालक. म्या तं सायबी चाल शिकवली. हे त्यायच्याच मनाचं."

मग मास्तर मूग गिळून बसले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! असल्या माणसाला मास्तर म्हणायचं तर बैठकीतल्या तक्क्याने काय घोडं मारलं?

किसनरावाने प्यानोचं झाकण लावलं. बापाने विचारलं, "सुपारी फोडू ना?" त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "तुमची मर्जी." तिथल्या तिथे सुपारी फुटली.

मास्तरांची नोकरी शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर जेवायला बसले. डोईवर पदर ओढून माणिकबाईने ताट वाढलं. दोन वर्षांत ती त्यांच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. आज तुपाची वाटी ठेवून ती उंबऱ्यात थांबली.

"त्यायले बोलाले शिकवलं तुमी, मास्तर," ती म्हणाली. "आता चुप कसं राहाचं तेही शिकवा. थे तुमाले लय चांगलं येते."