आकाशातून आलेलं दही

आमच्या मंडळात सात माणसं. पाच निवृत्त डच आजोबा, मी आणि माझा मित्र. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी लोकांच्या चर्चांचे संदेश उपग्रहावरून वाटून पाहायचा प्रयोग कुणीतरी केला होता. तो पुन्हा करून बघायचा, हा आमचा उद्योग. खिशातल्या फोनवरून क्षणात जाईल ते मुद्दाम आकाशात पाठवायचं आणि तासभर बसून वाचायचं. बायको याला नसते धंदे म्हणते, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

पद्धत अशी. सगळ्यांनी आपापलं म्हणणं मला पाठवायचं. मी निवडून त्याचा गठ्ठा करायचा. लायडनच्या आजोबांकडे परवाना आणि यंत्र आहे, ते तो गठ्ठा वर सोडतात. आठवडाभर रोज संध्याकाळी सहा ते सात तोच गठ्ठा खाली येतो आणि ज्याने त्याने आपल्या डिशवर तो पकडायचा. पडद्यावर एकेक ओळ सावकाश उमटत जाते. उत्तर द्यायचं तर पुढच्या गठ्ठ्यापर्यंत थांबायचं. जागा थोडी, म्हणून संपादक हवा. तो मी. मी पुण्याचा, त्यामुळे नाही म्हणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

तर मित्राने अकरा पानं लिहून पाठवली. विषय, नेदरलँड्समध्ये दही का लागत नाही. दूध किती कोमट, विरजण किती, पातेलं कशात गुंडाळायचं. मी पहिलं पान चाळलं आणि उत्तर दिलं, ‘विषय सोडून. लांब.’ तीन शब्दांत काम झालं म्हणून स्वतःवर खूशही झालो.

त्यानंतर त्याने बोलणंच टाकलं. फोन उचलेना, मेसेज उघडेना. पहिला आठवडा मी म्हटलं, बसू दे रुसून. दुसऱ्या आठवड्यात मला करमेना. इथे नवीन आलो तेव्हा खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवायला माझ्याबरोबर हाच रांगेत उभा होता. तापाने फणफणलो, डॉक्टरने पॅरासिटामोल घे म्हणून घरी पाठवलं, तेव्हा त्याच्या नीउ-व्हेनेपहून माझ्या झूटरमेरला डबा घेऊन हाच आला होता. या देशात मला दुसरा असा माणूस नाही, आणि तो मी तीन शब्दांत घालवला होता.

तिसऱ्या आठवड्यात मी नमलो. पण चुकलो असं तोंडाने म्हणायचं? त्यापेक्षा आकाश बरं. त्याची अकराच्या अकरा पानं मी गठ्ठ्यात घातली. वाचली मात्र नाहीत. आठवड्याची सगळी जागा दह्याने खाल्ली. एका आजोबांनी कळवलं की दही सुपरमार्केटमध्ये खोक्यात मिळतं, मग अडचण नेमकी काय आहे? ते मी गिळलं.

माझी माफी छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन रोज खाली येत होती आणि हा गप्प. शनिवारी, गठ्ठ्याच्या शेवटच्या दिवशी, माझं डोकं सटकलं. बसने लायडन, तिथून रेल्वेने नीउ-व्हेनेप. त्याला चार शब्द सुनावायचे म्हणून वाटेत ते पाठही केले.

त्याच्या इमारतीखाली उभा राहून वर पाहिलं. बाल्कनीत त्याची डिश होती, आणि डिशवर चार घड्या घातलेली ओली सुती साडी. तीन आठवड्यांपूर्वी त्याची आई पुण्याहून आली होती. ओल्या कापडातून आमच्या उपग्रहाचं अक्षरही खाली येत नाही.

काकूंनीच दार उघडलं. “काय रे, किती दिवसांनी! चहा टाकते.”

मित्र सोफ्यावर फुगून बसला होता. “कशाला आलास? तीन आठवडे पडदा कोरा आहे. मला बंद करून टाकलंस ना?”

“उपग्रहावरून एकट्याला कसं बंद करणार?”

“मला वाटलं, तू काढली असशील युक्ती शोधून.”

पाठ केलेले चार शब्द मी विसरलो. “काकू, ती साडी जरा काढता का?”

“अरे, वाळली नाहीये अजून. इथे वाळतंय काय! रोज तिथेच घालते, कपडे अडकवायला तो एक आकडा चांगला आहे.”

साडी दारावर गेली. सहा वाजता आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि त्याचं दही आकाशातून एकेक ओळ उतरू लागलं. चौथ्या पानाला मी जांभई दाबली. सातव्याला त्याने दाबली. नवव्या पानावर आलं, ‘पहिलं नीट लागलेलं दही मी मऊ भाताबरोबर आजारी मित्राकडे नेलं. त्याने वाटी पुसून खाल्ली. त्या दिवशी मला इथे पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.’

मला ती वाटी आठवली. पडद्याकडे बघता येईना. ओळी पुढे सरकत राहिल्या.

अकरावं पान संपल्यावर तो म्हणाला, “फारच लांबलंय रे. तू कापायला हवं होतंस.”

“दहा पानं कापली असती,” मी म्हणालो. “नववं ठेवलं असतं.”