नातवाला हुंगणारी उर्कुया

नारीनच्या डोंगरी मुलुखात चाळीस दिवसांच्या बाळाला न्हाऊ घालायचं तर बोलावणं उर्कुयालाच. डोक्यावर चाळीस चमचे पाणी ओतायचं, चाळीस घरांतून मागून आणलेल्या तुकड्यांचं अंगडं चढवायचं, ते तिनेच. त्याआधी बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडला तर खैर नाही! एकदा तिने खुद्द मुल्लालाच दारातून परत पाठवलं होतं. सुनांनी सासूपुढे तोंड उघडायचं नाही, हा कायदाही तिचाच. बाई प्रेमळ, पण जबरी.

धाकटी सून नुरझामाल सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगं मूठभर. जगावं म्हणून नाव ठेवलं तोक्तोसुन, म्हणजे ‘थांब रे बाबा’. ते चाळीस दिवस इस्पितळाच्या काचेच्या पेटीतच गेले. घरी आलं तेव्हा उर्कुयाच्या हिशेबी चाळीस दिवसांचं बंधन संपलं होतं. खरं तर बाळ अजून आईच्या पोटातच असायला हवं होतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळले, शेजारणी बोलावल्या. मात्र एकेकीची दारातच झडती.

“काय गं बुरुल, नाक गळतंय? चल, घरी जा.”

“अहो, चुलीच्या धुरानं गळतंय!”

“मग धुरालाही घरी घेऊन जा.”

सगळ्या खो खो हसल्या. मग उर्कुयाने पोराला उराशी धरलं आणि सगळ्या आज्या करतात तसं कपाळ, गाल, मान मनसोक्त हुंगली. कालपासून तिलाही शिंका येत होत्या. पण ती थोडीच बाहेरची होती!

चारेक दिवसांत पोराने दूध सोडलं. श्वासागणिक बरगड्या आत खेचल्या जाऊ लागल्या, ओठ निळे पडले. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आधी नळी लावली, मग विचारलं, “घरात सर्दी कुणाला?”

“मला आल्या दोन-चार शिंका. त्यात काय एवढं?”

“तुम्हाला शिंका, आजी, आणि त्याची फुफ्फुसं बंद. हा विषाणू मोठ्यांचं नुसतं नाक गळायला लावतो, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास अडवतो. सर्दीचं माणूस जवळ नको, घरचंसुद्धा नको, असं आईला बजावलं होतं मी.”

उर्कुया गर्रकन सुनेकडे वळली. “तुला माहीत होतं?”

“हो, एने.” सासूला ती एनेच म्हणायची.

“मी शिंकताना दिसत होते?”

“दिसत होतात.”

“मग बोलली का नाहीस, मेले?”

नुरझामालची मान खालीच. “तुमच्यापुढे? मी कशी बोलणार?”

 उर्कुया भिंतीला धरून खाली बसली. आपल्या शिंकेने पोर आजारी पडलं, हे तिने कसंबसं गिळलं असतं. पण आपल्या धाकापायी आईने डोळ्यांदेखत पोर धोक्यात जाऊ दिलं! हे ऐकून तिला रडूसुद्धा फुटेना.

तोक्तोसुन झगडला आणि वाचला. तो घरी आल्याचं कळताच शेजारणी पुन्हा आत घुसल्या. उर्कुया सवयीने पाळण्यावर वाकली.

“लांब व्हा!” नुरझामाल कडाडली. “कुणी हुंगायचं नाही त्याला!”

 सासूवर आवाज चढवला! बुरुलने तर तोंडावर हात घेतला. उर्कुया लालबुंद झाली. मग ती दोन पावलं मागे सरली.

“ऐकू येत नाही का गं बायांनो?” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “चला, बाहेर व्हा सगळ्या.” आणि सगळ्यांत आधी ती स्वतः बाहेर पडली.