फाटक्या पराचा मासा

माझ्या मेहुण्याने मला फसवले. सिंगापूरच्या मासेवाल्याने फसवले असे मी दोन वर्षे सांगत फिरलो, ते खोटे होते. मासेवाला सरळ माणूस होता. फसवले ते माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाने, आणि तेही नुसते तोंड बंद ठेवून.

गोवा नुकता घटक राज्य झाला होता. मी तोवर बऱ्यापैकी उभा राहिलो होतो. ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केली, पुढे म्हापशात गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान काढले आणि चोपड्याला नदीकाठी घर बांधले. मला पहिल्यांदा ट्रकवर चढवले ते माझ्या थोरल्या भावाने. दादा डिचोलीच्या खाणीवर ड्रायव्हर होता. नंतर त्याच खाणीवर त्याचा पाय गाडीखाली सापडला आणि गुडघ्याखाली कायमचा अधू झाला. तेव्हापासून तो डिचोलीच्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून असे.

मेहुणा हरमलचा, बोटीवर आचारी. त्याची बोट दुरुस्तीसाठी सिंगापूरला बरेच दिवस राहणार होती. “भावोजी, येवा एकदा. फिरवतंय तुमका,” असे त्याने पत्र धाडले. निघण्यापूर्वी मी दादाला भेटायला गेलो. काय आणू विचारले. जन्मात कधी त्याने माझ्याकडे काही मागितले नव्हते. तो म्हणाला, “दवाखान्यात पेटी आसा ना मासळ्यांची? थंय बसलंय काय येळ कसो जाता कळणा नाय. तसले मासे मिळतीत तर बघ.”

सिंगापुरात, दादाने मासे मागितलेत असे सांगितल्यावर, मेहुण्याने मला एका अरुंद बाजारात नेले. एका म्हाताऱ्याच्या दुकानात भिंतभर काचेच्या टाक्या. एका कोपऱ्यातल्या टाकीत दोनच एंजल मासे होते, चपटे, रुपेरी, अंगावर उभे काळे पट्टे. मी बोट दाखवले. म्हाताऱ्याने दोघांना जाळ्यात धरून पिशवीत घातले. तेव्हा मला दिसले की एकाचा वरचा पर फाटलेला आहे, आणि तो दुसऱ्याहून लहानही आहे.

मी तापलो. मासळी बाजारात मी कोळणीला वाट्यातला एक मऊ बांगडा बदलायला लावणारा माणूस. परदेशात येऊन फाटका मासा घेऊन जाऊ? मी पिशवी परत केली आणि शेजारच्या मोठ्या टाकीतला धष्टपुष्ट मासा दाखवला. “हा दे.” म्हातारा मान हलवू लागला. त्याने फाटक्या माशावर बोट ठेवले, मग पिशवीतल्या दुसऱ्यावर, मग दोन्ही बोटे एकमेकांना चिकटवली. खूप काही बोलला. त्याची भाषा मला येत नव्हती. मेहुण्याला येत होती. वर्षानुवर्षे तो त्या बंदरात उतरत होता.

“काय म्हणतोय?” मी विचारले.

“हेच घेवा म्हणता,” मेहुणा म्हणाला.

“घेतो! खपत नाही तो माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतोय. त्याला सांग, बदलून देत नसशील तर दोन्ही ठेव.”

मी दुकानातून बाहेर पडायचे नाटक केले. ते नेहमी चालते. तिथेही चालले. म्हाताऱ्याने सुस्कारा सोडून मला पाहिजे तो मासा दिला. दोन्ही मासे सारखे, भरदार, परांना एक चीर नाही. मी इतका खूश होतो की मेहुण्याला थंड पेय पाजले.

प्राणवायू भरलेली ती पिशवी थर्माकोलच्या डब्यात घालून मी विमानातून मुंबईला आणली. कस्टमवाल्याने डबा उघडला, बराच वेळ मासे बघितले आणि मुलाला दाखवावेत असे आहेत म्हणत बंद केला. पुढे म्हापशापर्यंत बसमध्ये डबा मांडीवर. शिवोलीहून चोपड्याला फेरीबोटीने येताना सगळी फेरी माझ्याभोवती जमली होती. त्या दिवसांत आमच्या पडवीत रोज कोकणी की मराठी यावरून गळे फाटत. मासे आल्यावर आठवडाभर लोक भाषा विसरून माशांकडे बघत बसले. तेवढे पुण्य मी गाठीला बांधले.

आता एक कबूल करतो. मासे दादासाठी आणले होते, पण घरी आल्यावर मला ते सोडवेनात. मी सख्ख्या भावाशीही सौदा केला. म्हटले, जोडी माझ्याकडे राहू दे, पहिली पिल्ले तुझी. दादा लगेच कबूल झाला. त्याने काचा आणवून, सांधे स्वतः भरून टाकी केली. तळाला नदीतली वाळू घातली, पाणी भरले आणि वाट बघू लागला.

वर्षभराने माझ्या माशांनी पंपाच्या नळीवर अंडी घातली. दोघेही परांनी वारा घालत राखण करीत होते. बायको कौतुकाने म्हणाली, “नवरो बायलेपरस जास्त काळजी घेता.” दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली, तिसऱ्या दिवशी माशांनीच ती खाल्ली. पुन्हा तसेच. मी विहिरीचे पाणी सोडून नळाचे घातले, मग उकळून गार केलेले. म्हाताऱ्याने रोगट मासे दिले म्हणून त्याचा उद्धार केला. दर आयतवारी डिचोलीला गेलो की दादाची टाकी स्वच्छ भरलेली आणि रिकामी. “आज पाणी बदललंय,” तो सांगायचा. “पिल्लां कधी हाडतंस?”

मेहुणा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. नळीवर पुन्हा अंडी पांढरी पडली होती. मी त्याला दाखवली. तो हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला.

“भावोजी, दोनूय बायलो! अंडी फुटतली कशी? घोव तो फाटक्या पराचो. तुमी परत केलास. म्हातारो तांच सांगी होतो, ही लग्नाची जोडी, मोडू नका म्हणान.”

म्हणजे दोन्ही माद्या, आणि नर मीच परत केलेला. “तुला तेव्हा कळत होते?”

“सगळां.”

“मग सांगितले का नाहीस?”

“तुमी जिकत होतास. जिकणाऱ्याच्या मदी कोण येतलो? वयर तुमचो राग.”

हातातला घास मी ताटात ठेवला. बायको म्हणाली, “तेचां चुकला नाय. तुमी आयकतास खंय?” तिचे मी मनावर घेतले नाही. घेतले असेल, पण तिला तसे सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मासे पिशवीत घालून मी फेरी पकडली, डिचोलीला गेलो आणि दादाला सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, “फाटको म्हणान परत केलंस? नशीब माजां, मी त्या टाकयेत नव्हतंय.” आणि आपल्या पायावर थाप मारून मोठ्याने हसला. मीही हसलो. दुसरे काय करणार? मासे सोडले तेव्हा तो खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसला.

पुढे पणजीच्या दुकानातून आम्ही एक नर आणला, या वेळी दुकानदाराने दिला तो, मी घासाघीस न करता. दादाच्या टाकीत पिल्ले झाली, पिल्लांची पिल्ले झाली. आता माझ्या पडवीत टाकी आहे ती त्याने दिलेल्या माशांची. संध्याकाळी तिच्यासमोर बसलो की जीव निवांत होतो.

माझा हिशेब मी दादासमोर उभा राहून चुकता केला. मेहुण्याने केलेला नाही. तो आता बोट सोडून हरमलला पर्यटकांना खोल्या देतो. दर गणेशचवथीला माझ्याकडे येतो, नेवऱ्या खातो आणि चार माणसांत हीच गोष्ट हसत हसत सांगतो. त्यात माझा राग असतो, म्हातारा असतो, फाटका पर असतो. दादा नसतो. एका पायावर तोल सांभाळत बादलीने पाणी उपसून दोन वर्षे रिकामी टाकी स्वच्छ ठेवणारा माणूस त्या गोष्टीत कधीच नसतो.

मला उत्तर नको. माझ्या तापटपणाचे मी भरले. पण या चवथीला माझ्या उंबऱ्यावर यायच्या आधी मेहुण्याने डिचोलीला जावे, दादाच्या खुर्चीसमोर उभे राहावे आणि त्याला सांगावे, की सगळे कळत असताना त्याला दोन वर्षे कशासाठी पाणी बदलायला लावले.