अण्णाचं अंगुस्तान

शेजारच्या अक्कांकडे हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी एका सदऱ्याची काजं करत होते. अक्का दारात नुसत्या उभ्या राहिल्या. सुईतला धागा तेवढा मी संपवला. अण्णा गेला त्याला आता सहा आठवडे झाले.

अण्णा माझा थोरला भाऊ. बंगळूरच्या के. आर. पुरमला आमचं शिवणाचं दुकान. तो कोट शिवायचा, मी मागे बसून काजं-बटणं करायची. गिऱ्हाईक आलं की मी आत सरकायची. "आमच्या सुमीचा आवाज फक्त सुईला ठाऊक," असं तो हसून म्हणायचा. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि चौघा भावंडांत माझाच हाडांतला मगज त्याच्याशी जुळला. माझ्या कमरेच्या हाडातून काढून तो त्याला चढवला. मी कुणाच्या एवढी उपयोगी पडेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्याचे तळहात लाल झाले. मग अंगभर पुरळ, जुलाब, कावीळ. मी चौथी शिकलेली, म्हणून डॉक्टरांनी कन्नडात सावकाश समजावलं. मगजातून गेलेल्या माझ्या पेशींना अण्णाचं शरीर परकं वाटत होतं. त्या कसली तरी रसायनं सोडत होत्या, ती म्हणजे एकमेकींना मारलेल्या हाकाच. त्या ऐकून आणखी पेशी धावून येत, त्याही हाका मारत, आणि त्या गदारोळात त्याची कातडी, आतडी, यकृत होरपळत होतं. औषधं चालली होती ती त्यांना गप्प करायला.

दोन दिवस मी त्याच्या खोलीत गेले नाही, बाहेर बाकावर बसून राहिले. कुणाच्या घरात कधी आवाज न चढवलेली मी... आणि माझ्या पेशी त्याच्या अंगात ओरडत होत्या. तिसऱ्या दिवशी वहिनीने मला हाताला धरून आत नेलं. अण्णाने सोललेला हात चादरीवरून जरासा उचलला.

"सुमे, जन्मात पहिल्यांदा भांडलीस, तेही माझ्याशीच?"

मला रडू आवरेना. तेव्हा तो म्हणाला, "त्यांना सांग, स्वल्प हळू... मी परका नाही."

मी मनातल्या मनात रोज सांगत होते. त्यांनी ऐकलं नाही.

दाखल होताना त्याने आपलं शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान माझ्याकडे दिलं होतं, परत आल्यावर दे म्हणून. मला ते सैल होतं, आत चिंधी घालून वापरते. गिऱ्हाइकाशी आता मलाच बोलावं लागतं. ते गेलं की मी पुन्हा सुई धरते. त्याच पेशी माझ्याही बोटांत आहेत... इथे त्या अगदी गप्प असतात.