शुद्ध पाण्यातले धागे

माझी पत्नी मंगळवारी गेली. दवाखान्यातून मी रिक्षाने घरी आलो.

ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मी तिथेच ग्रंथपाल होतो. येरवड्याच्या बाजूला आयटीच्या इमारती वाढत होत्या, त्या वर्षांत तिने नदीच्या पाण्यातले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण शोधायला घेतले. पुलाखालून बाटल्या भरून आणायच्या, पाणी गाळायचं, त्यातला पालापाचोळा रसायनात विरघळवायचा आणि उरलेला एकेक कण इन्फ्रारेड यंत्राखाली ठेवायचा. प्रत्येक प्लॅस्टिकचा आलेख वेगळा येतो, त्यावरून ते ओळखायचं. तासन्‌तास एका धाग्यापाशी बसण्याची तिची चिकाटी मला माझ्या वाचनात कधी साधली नाही.

बाहेरचं काही मिसळत नाही ना, हे कळावं म्हणून शुद्ध पाणीही त्याच पद्धतीने तपासावं लागतं. ते काम ती रविवारी करी. रविवारी आम्ही दोघं चालत जायचो. एरवी ती स्कूटरवर जाई, धुळीसाठी तोंडाला गुलाबी ओढणी गुंडाळून.

वर्षभराचे आकडे जमले, निबंध लिहून झाला. निवृत्तीला सात महिने उरले होते. एका बुधवारी सहज तिने शुद्ध पाणी पुन्हा तपासलं. त्यात गुलाबी धागे निघाले. आलेख पॉलिएस्टरचा आला. ओढणी शेजारच्या खुर्चीवरच होती; रविवारी ती कधीच नसे.

संध्याकाळी तिने हे सांगितलं, तेव्हा मी सुचवलं की गुलाबी धागे तेवढे वजा करावेत.

"अहो, नदीकाठी दुसऱ्या कुणी गुलाबी ओढणी धुतलीच नसेल कशावरून?" ती म्हणाली. "माझे धागे कुठले आणि नदीचे कुठले, सांगा बरं."

तिने वर्षभराचे सगळे आकडे रद्द केले.

विभागातले एक सहकारी म्हणाले, "मॅडम, नदी राहू द्या, आता ओढणीवरच निबंध लिहा."

"एक परिच्छेद लिहिलाय," ती म्हणाली. "आपण तपासून द्याल का?"

त्यांनी तो मुकाट्याने तपासून दिला.

निवृत्तीनंतर परवानगी काढून, सुती साडीत, बसने जाऊन तिने पुन्हा वर्षभर नमुने तपासले. दर नमुन्यासोबत शुद्ध पाणी, त्याच दिवशी. आकडा आधीपेक्षा कमी आला. तोच तिने छापायला दिला, आपल्या चुकीबद्दलच्या परिच्छेदासकट.

त्या निबंधाची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, एक माझ्याकडे आहे.