त्रेस्याम्माचं टोरांटोचं पुडकं

केरळातल्या पाला शहराजवळच्या आमच्या गावातून कुणी आखातात निघालं की वाटेत खायचं पुडकं त्रेस्याम्मा चेडत्ती, म्हणजे आम्हा सगळ्यांची थोरली ताई, बांधून देते. नवरा होता तोवर तिकडेच होता, दोन्ही भाऊ अजून तिकडेच आहेत. ही मात्र विमानात कधी बसली नाही. केळीचं पान विस्तवावर मऊ करायचं, त्यात भात, तळलेली सुरमई, वर सुतळी. किती तास लागणार ते ती तिकिटावर बघते, पोचायच्या वेळेतून सुटायची वजा करून. दुबईच्या हिशेबात दीड तास चुकतो, पण तेवढ्याने मासा बिघडत नाही. तिचं पुडकं आजवर नासलेलं नाही, आणि हे ती कुणाला विसरू देत नाही.

माझी मुलगी रिन्सी टोरांटोला निघाली तेव्हा चेडत्तीने तिकीट मागून घेतलं.

“पहाटे चारला सुटतं, त्याच दुपारी अडीचला पोचतं. साडेदहा तास. सुरमई चालेल.”

“अहो, तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे आहे. तेरा हजार किलोमीटर आहे ते, मध्ये दोह्याला उतरायचं. सगळे मिळून वीस तास.”

“माशाला घड्याळ कळत नाही, पोरी.”

“तेच सांगतेय मी.”

त्या वीस तासांनी माझी झोप उडालीच होती, आता तिचीही उडाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने एक पुडकं बांधलं आणि दिवसभर बरोबर वागवलं. चर्चला, बाजाराला, कोट्टयमच्या बसमध्येसुद्धा. विमान हलतं, मग हेही हललं पाहिजे, म्हणाली.

कुरियच्चन दुकानदाराने विचारलं, “काय चेडत्ती, कुठवर पोचलात?”

“दोहा गेलं. माझं डोकं खाऊ नकोस.”

संध्याकाळी माझ्या ओट्यावर तिने सुतळी सोडली आणि आम्ही दोघींनी नाक धरलं. सुरमई वाटेत समुद्रावरच नासली होती.

मग दुसरं पुडकं बांधलं, खोबऱ्याचे काप घालून कोरडं परतलेलं बीफ आणि परोटे. वीस तासांनी तिने ते मला समोर बसवून खाल्लं. मी काळजीने तिच्या पोटाकडे बघत राहिले. दुपारी ती विळा घेऊन गवत कापत होती.

रिन्सी बीफचं पुडकं घेऊन गेली. सकाळी दोह्याहून फोन आला तेव्हा चेडत्ती शेजारीच होती.

“अम्मा, उतरले. बीफ संपलं.”

“संपलं? टोरांटोपर्यंतचं होतं ते.”

“बाजूला चंगनाशेरीच्या दोन नर्स होत्या. वास आल्यावर काय करणार?”

चेडत्तीने फोन ओढून घेतला. “आता पुढे काय खाशील?”

“विमानात देतात ना, चेडत्ती.”

फोन परत देत ती पुटपुटली, “चार तासांसाठी मी सुरमईच दिली असती.”

मग घरी जाते म्हणाली, पण उठली नाही. सोळा तास अजून उरले होते, आणि मी फोन हातातून खाली ठेवत नव्हते. तिने माझ्यापुढे सुपातला लसूण सोलायला सरकवला.