नजीरभाई आणि तारेतल्या वाटा

नजीरभाई घरात आले की पिशवी उघडायच्या आधी फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचे आणि डोळे मिटून मिनिटभर उभे राहायचे. तेवढा वेळ कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. मग रिसीव्हर जागेवर ठेवत म्हणायचे, "आधी ऐकायचं, मॅडम. मग हात लावायचा."

ते पनवेलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लाइनमन होते. २००८च्या सुमारास मी विचुंब्याच्या एका नव्या इमारतीत एकटी राहायला आले. घरी बसून भाषांतरं करायचे, त्यामुळे इंटरनेटवाचून माझं पान हलत नसे, आणि ते तर दिवसातून दहादा तुटायचं. "नवीन तार टाका," असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"तार बिचारी काय करेल?" ते म्हणाले आणि माझ्याच कागदाच्या मागे पेन्सिलीने उभ्या रेघा ओढू लागले. "या एकाच तांब्याच्या तारेत दोन-अडीचशे बारीक वाटा पाडल्यात. पूर्वी एकच मोठी वाट असायची. तिच्यात खरखर आली की सगळंच अडायचं. आता एका वाटेवर खरखर आली तर मोडेम तिथला माल शेजारच्या साफ वाटांवर टाकतो. एखादी अगदीच खराब असली तर तेवढी रिकामी सोडतो. बाकी काम चालू. आणि फोनवरचं बोलणं सगळ्यात खालून जातं, त्याला धक्का नाही." मग खालच्या खोक्यातला गंजलेला जोड त्यांनी बदलला आणि लाइन सुधारली. कॉम्प्युटरवर मोडेमचं पान उघडून या वाटांचे आकडे कसे वाचायचे, तेही शिकवून गेले.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र ब्रॉडबँड नव्हतं. खाडीकडच्या त्यांच्या गावापासून एक्सचेंज फार लांब. इतक्या अंतरावर वाटा विरून जातात, असं ते सांगायचे. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी सलमा लग्न होऊन दोह्याला गेलेली. निवृत्त झाल्यावर एकदा त्यांनी संकोचत विचारलं, "शुक्रवारी थोडा वेळ तुमच्या कॉम्प्युटरवर सलमाशी बोललो तर चालेल?" तेव्हापासून जुम्म्याची नमाज उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून ते येऊ लागले. माझ्याकडे आठवड्यात येणारं तेवढंच माणूस.

वर्षभराने त्यांनी कॅमेरा लावायचं बंद केलं. सलमा पडद्यावर दिसायची, तिला नजीरभाई दिसत नसत. "तारेत तुझ्याकडून खाली यायच्या वाटा पुष्कळ, इकडून वर जायच्या थोड्या," ते तिला समजवायचे. "माझं चित्र बंद ठेवलं तर आवाज तरी नीट पोचेल, बेटा."

मीही ते खरं मानलं. पण जिना चढून आल्यावर ते बराच वेळ दाराला टेकून उभे राहत, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. एका शुक्रवारी ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी मोडेमचं पान उघडलं. वर जाणाऱ्या वाटा चांगल्या होत्या. चित्र सहज गेलं असतं.

"नजीरभाई, लाइन ठीक आहे," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. "पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला." मग हळूच म्हणाले, "सलमाला आठवा महिना लागलाय. मला असं पाहिलं तर ती तिथे एकटी रडत बसेल. बाळ होऊ दे. तोवर तुम्ही काही बोलू नका."

मी बोलले नाही. ते बरोबर होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही.

मुलगी झाली. चाळीस दिवसांनी सलमाने तिला पडद्यासमोर धरलं. "अब्बा, आता तरी कॅमेरा लावा. हिला नाना दाखवते."

नजीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि कॅमेरा सुरू केला. सलमा पडद्याजवळ सरकली. तिने विचारलं, "कधीपासून?"

"आधी हिला जरा जवळ धर," ते म्हणाले.

बाळाचा पासपोर्ट होईपर्यंत तिला निघता येईना. तिकिटाच्या तारखेच्या आठ दिवस आधी नजीरभाई गेले.

ती आल्यावर मुलीला घेऊन माझ्याकडे आली. अब्बा कुठे बसायचे ते विचारून त्या खुर्चीत बसली. "बोलणं झाल्यावर काय करायचे?" तिने विचारलं.

"चहा घेऊन निघायचे," मी सांगितलं.

असरच्या, दुपार उलटल्यावरच्या नमाजची वेळ होईपर्यंत ते त्या काळ्या पडद्यासमोर तसेच बसून राहायचे आणि मी आत भांड्याचाही आवाज न करता उभी असायचे, हे मी तिला सांगितलं नाही.